हॉलमधला सॉकेट

"काका, चार्जर ठणठणीत आहे. घरचा सॉकेट बघा." दुकानदाराने चार्जर जोडून दाखवला आणि लॅपटॉपवरचा बारीक दिवा लागला.

नानांनी चार्जर काढून पिशवीत ठेवला. तीस वर्षं वायरमन म्हणून काढलेली, घरातलं वायरिंगही त्यांच्याच हातचं. गुढीपाडव्याला सुनेचा चार्जर हॉलमध्ये चालेना, तेव्हा दोष चार्जरचाच, हे त्यांनी न तपासता ठरवून टाकलं होतं. "असेल हो नाना," म्हणत ऋजुता तीन महिने स्वयंपाकघरात, मिक्सर बाजूला सरकवून, ओट्यापाशी उभ्याने ऑफिसचं काम करत होती. तिथे चार्जर चालत होता. हे त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं.

घरी येताच त्यांनी मेन स्विच बंद केला.

"ऋजुता, जरा टॉर्च धरतेस? हा सॉकेट गेलाय. नवा आणावा लागेल."

ती आत गेली आणि टॉर्चबरोबर मसाल्याच्या डब्यामागून एक नवा सॉकेट घेऊन आली. त्याचं पाकीट हळदीने पिवळं पडलं होतं.

"हा कधी आणलास?"

"पाडव्यालाच," ती म्हणाली आणि टॉर्चचा उजेड तिने नेमका सॉकेटवर धरला, नानांच्या चेहऱ्यावर पडू न देता.