बर्फावरचा रुपया

"डबा दगडासारखा घट्ट आहे. आमरसाला काय धाड भरलीय?" मी सुनेला म्हणाले. तिला सातवा महिना, आणि डोहाळे आंब्याचे. माघात आंबा कुठला, म्हणून उन्हाळ्यात फ्रीजरात ठेवलेला रस मी काढला होता.

"आई, काल आपण लग्नाला गेलो तेव्हा दिवसभर लाईट नव्हती म्हणे. आधी वाटी बघा."

जाताना तिनं वाटीतल्या बर्फावर रुपया ठेवला होता. बर्फ वितळला तर रुपया बुडतो आणि पुन्हा गोठला तरी तळाशीच राहतो, असं तिचं म्हणणं. "लक्ष्मीला हिवानं मारतेस काय?" असं मी तेव्हा हिणवलं होतं.

वाटी काढली. रुपया तळाशी होता; म्हणजे रसही मधे वितळून नासला असणार. तिला अजून दिसलं नव्हतं. वाटी मोरीत उपडी केली असती तर माझाच शब्द खरा ठरला असता. पण तिचा हात पोटावर होता. मी डबाच उपडा केला.

"तोंड पाडू नकोस," मी म्हणाले. "दारचा आंबा मोहरलाय. पोर मांडीवर घेऊन ताजा रस खाशील."

मग वाटीत नवं पाणी गोठायला ठेवलं. वर ठेवायचा रुपया मात्र माझ्या कनवटीचा काढला.