अंगठ्याखालचा आकडा

मधुमेहाने बधिर झालेल्या तळपायावर कुठे जास्त दाब पडतोय हे कळवणारा मोजा आश्लेषा अमेरिकेत पीएचडीसाठी बनवत होती. कापडातच सेन्सरचे धागे विणलेले होते. २००६च्या उन्हाळ्यात बाबा अकोल्याहून तिच्याकडे श्रूजबरीला आले. मधुमेह त्यांनाही होता. त्यांनी हौसेने मोजा चढवला. संगणकाच्या पडद्यावर डाव्या अंगठ्याखालच्या दाबाचा आकडा वाढतच गेला. “बाबा, दुखतंय?” “छे गं, काहीच नाही.” बधिर पाय दुखत नाही, हे तिनेच प्रबंधात लिहिलं होतं. तरी सेन्सर बिघडलाय असं समजून तिने मोजा बाजूला ठेवला. तळपाय पाहिलाच नाही. तीन आठवड्यांनी बाबांना ताप भरला. अंगठ्याखालची जखम हाडापर्यंत गेली होती. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर बाबा म्हणाले, “तुझा मोजा बरोबर होता ना? मग आता डॉक्टर होशील.” आश्लेषाने पांघरूण नीट केलं, डावीकडे ते सपाटच राहिलं.