मान वळवून
ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून आंतोन म्हणाला, "आधी डोळे इले, सिस्टर. खोकलो मागसून, चार दिसांनी. माका वाटला, डोळ्यांत काजूचो चीक गेलो." किशोरी सिस्टरने मास्क परत बसवला. करोनाच्या वॉर्डात लाल डोळ्यांचा हा आठवड्यातला तिसरा पेशंट होता आणि तिघांनीही हाच क्रम सांगितला होता. तिने त्याच्या घरी व्हिडिओ कॉल लावला. आंतोनची बायको बर्नादेत घरापुढच्या खळ्यात बसली होती, हातात रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. "काकी, काकांचे डोळे आले तेव्हा जवळ कोण होतं?" "मीच. पण डोळे बघल्यान येतत, ह्या माका म्हायत आसा गो. दिसातून धा वेळा ह्याच रुमालान तेंचे डोळे पुसलंय, पण मान वळवून." "मग चष्मा कशाला?" "आज सकाळी माझेय इले. तेंका ॲम्ब्युलन्सात घालताना एकदाच डोळ्यांत बघलंय, थंयच चूक झाली." तिने चष्मा काढला. डोळे लालभडक होते आणि पाणी गालावर ओघळत होतं. "काकी, रुमालाला कुणी हात लावू नका, तो आधी उकळा," किशोरी सांगू लागली, पण पलीकडे आवाज तुटत होता. मागून लेक डेल्सी आली. तिने आईच्या हातातला रुमाल घेतला, मान दुसरीकडे वळवली आणि न बघताच आईचे डोळे पुसले.