नळाचं पाणी

नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात बाहेरून आलेल्या लेखापरीक्षक बाई प्रश्न विचारत होत्या आणि अभियंता थकल्या आवाजात वरिष्ठांनी पढवलेलं सांगत होता. फिल्टरची वाळू बदललीय, क्लोरीन चालू आहे, तक्रार नाही. तपासणीच्या ठिकाणी बाई चहासुद्धा घेत नसत. त्याने पुढे केलेली पाण्याची बाटलीही त्यांनी परत केली.

"गावाला देता तेच द्या की," म्हणत त्यांनी नळाखाली ग्लास भरला. तो ओठांपाशी जाताच अभियंत्याने ग्लासवर हात आडवा धरला.

"नका पिऊ, मॅडम."

"मला अडवलंत. गावाला कोण अडवणार?"

अभियंता पायरीवर मटकन बसला.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "वाळू बदललेलीच नाही."