तीन दिवसांचा पट्टा

नणंदेने कात्री उघडली आणि प्रमिलाबाईंनी हात झटकन पदराआड ओढून घेतला.

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर दोधूबाबांचा दहावा चालला होता. कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, तेव्हा प्रमिलाबाईंनी हूं की चूं केलं नव्हतं. आता मनगटावर उरला होता एक निळा प्लास्टिकचा पट्टा. गुजरातेतल्या एका थीम पार्कचं तीन दिवसांचं तिकीट होतं ते.

"वहिनी, हाऊ बी काढना पडी," नणंद म्हणाली. सख्खा भाऊ गेला होता तिचा.

मुलाने, भूपेशने, मोठ्या हौसेने सगळ्यांना तिकडे नेलं होतं. नवरा-बायकोचा उभा जन्म ब्राह्मणपुरीच्या शेतात गेला, कुठे म्हणून फिरणं झालं नव्हतं. गेटवरचा माणूस दोधूबाबांना पट्टा बांधून प्रमिलाबाईंकडे वळला, तर बाबांनी दुसरा पट्टा त्याच्या हातून घेतला आणि बायकोच्या मनगटावर स्वतः बांधला. मंगळसूत्रानंतर त्यांनी तिला स्वतःच्या हाताने बांधलेलं एवढंच. नात रुचिकाने तंबी दिली, "आजी, आंघोळीलाही काढायचा नाही हं. काढला की तिकीट बाद!"

बाबांचा जीव जडला उंच पाळण्यावर. पण तिथे एका खुर्चीत दोघं लागत. एकट्याला बसू देत नसत. मुलगा-सून तर नातीमागे धावण्यात गुंतलेले.

"चाल वं, बठूत," बाबा बायकोला म्हणाले.

"या वयमा? लोके हासतीन."

मग बाबा एकटेच रांगेत जाऊन उभे राहिले. पाळणेवाल्याने परत पाठवलं. टोपी सारखी करत, कसनुसं हसत ते बाकावर येऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी त्यांचं एवढंसं झालेलं तोंड बघून प्रमिलाबाईंना राहवलं नाही.

"सकाय बठसूत. तिकीट तीन दिननं शे ना," त्या म्हणाल्या.

सकाळी बाबा सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले. धुतलेली टोपी, नवे बूट. चहाचा कप हातात असतानाच ते एका बाजूला कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

घरी आणल्यावर त्यांची अंगठी काढली, घड्याळ काढलं. प्रमिलाबाई कोपऱ्यात बसून सगळं बघत होत्या. दोन दिवस हातात होते आणि आपण ते लाजेपायी घालवले, एवढं एकच त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं.

घाटाच्या पायरीवर भूपेश आईजवळ येऊन बसला. "माय, तारीख ते निंघी गयी. आते काय उपेग त्याना?"

प्रमिलाबाईंनी पट्ट्यावर दुसरा हात घट्ट दाबून धरला.

"त्यास्ना हातमा तसाच ऱ्हायना, तो कोनीच काढा नही," त्या म्हणाल्या. "आते मी मन्हा काढा, ते त्यास्ले एकलाले कोन बठू दी?"