उरलेला वरणभात

"आई, तू संपव," म्हणत गार्गीने उरलेला वरणभात निवेदितापुढे सरकवला. लेकीच्या ताटातलं टाकून द्यायला तिचा जीव होत नसे. वजन कमी करायला तिने पोटाचं ऑपरेशन करून घेतलं होतं, पण उतरलेलं सगळं याच उरलेल्या घासांनी परत आणलं. सकाळीच डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता असंच चाललं तर इन्सुलिन."

"नको गं, माझं झालं."

गार्गी रडवेली झाली. "तेव्हापण तू जेवत नव्हतीस आणि मग हॉस्पिटलात गेलीस. घे ना!" चिमुकल्या बोटांतला घास तिने आईच्या ओठांना लावला.

"आता हॉस्पिटलात जाणार नाही" म्हणायला तोंड उघडलं असतं, तर घास आत गेला असता. निवेदिताने ओठ घट्ट मिटून रडणाऱ्या लेकीला पोटाशी धरलं.