शनिवारचा टेम्पो

केळीचे घड रचून झाले आणि बॅप्टिस्टने टेम्पोचा फाळका लावला. आलोशियस बावखलाच्या काठावर उभा होता. मोटर त्या तळ्यातलं पाणी खेचत होती आणि ठिबकच्या काळ्या नळ्यांतून ते केळीच्या बुंध्यांशी थेंबथेंब उतरत होतं.

"क्लेमेंटीन कशी आहे?" त्याने विचारलं.

दर शनिवारी तो हेच विचारायचा. क्लेमेंटीन त्याची एकुलती एक मुलगी. सिस्टर झाली आणि जव्हारकडच्या डोंगरात, मिशनच्या बोर्डिंगमध्ये आदिवासी मुलींना शिकवायला गेली. बायको त्याआधीच वारली होती. सांडोरच्या त्या घरात आलोशियस एकटा उरला. शेजारच्या दोन्ही घरांना कुलूप होतं. एक बिऱ्हाड कॅनडात गेलं, दुसरं बोळिंजच्या फ्लॅटमध्ये.

चर्चने त्याच्या वाडीत ठिबक बसवून दिलं, तेव्हा निम्मं पीक बोर्डिंगच्या स्वयंपाकघराला द्यायचं ठरलं होतं. तो निम्म्याहून जास्तच द्यायचा. दुधी, वाल, केळी. माल चढवून झाला की बॅप्टिस्ट ओट्यावर बसायचा आणि सिस्टरची खबर सांगायचा. सिस्टरने मुलींचं नाटक बसवलं. सिस्टरचा खोकला गेला. आलोशियस ऐकत राहायचा आणि न विचारता त्याच्या कपात पुन्हा चहा ओतायचा.

आज बॅप्टिस्ट बसला नाही.

"काका, बोर्डिंगच्या बोअरला पाणी लागलं. चांगलं भरपूर. मागच्या उतारावर त्यांनी पण ठिबक घातलंय. भाजी आता तिथंच होते. फादर म्हणाले, पुढच्या शनिवारपासून टेम्पो पाठवायला नको. तुमचा माल तुम्ही बाजारात घाला."

"पाणी लागलं ना? बरं झालं. पोरींचे हाल वाचले," आलोशियस म्हणाला. त्याने जाऊन मोटर बंद केली. वाडी एकदम गप्प झाली. "चल, चहा टाकतो."

"थांबा काका. अजून एक सांगायचंय." बॅप्टिस्टची मान खाली होती. "सिस्टर तिथं नाहीत. दोन वर्षांपूर्वीच त्यांची झारखंडला बदली झाली. तुम्हाला कळलं तर तुम्ही माल द्यायचं थांबवाल, मग त्या पोरी खातील काय, असं वाटलं. म्हणून बोललो नाही. नाटक, खोकला, सगळं मी मनानं रचलेलं. माफ करा मला."

आलोशियसने हात लुंगीला पुसले.

"ठाऊक आहे मला. निघायच्या आधी तिनंच फोन केला होता. नाताळला अजून करते."

बॅप्टिस्ट त्याच्याकडे बघतच राहिला. "मग दर शनिवारी मला विचारत का होता?"

म्हातारा ओट्यावर टेकला. बॅप्टिस्टला बसायला जागा राहील इतका बाजूला सरकला.

"ती तिथं होती तेव्हा तू नुसतं 'बरी आहे' म्हणायचास आणि गाडी चालू करायचास. खोटं सांगायला लागलास, तेव्हापासून बसायला लागलास."